नातवंडांसाठी बागेतली आगगाडी: रूळ कसे टाकतात, गाडी कशी चालते आणि गाडं अडतं कुठे?

लॉस एंजेलिसमधल्या एका घराच्या बागेत १९५० साली रेल्वे सुरू झाली. घर होतं वॉल्ट डिस्ने यांचं. सव्वासात इंची गेज, खरोखर वाफेवर चालणारं इंजिन आणि अडीच हजार फुटांहून लांब लोहमार्ग. इंजिनाचं नाव ‘लिली बेल’, पत्नी लिलियन यांच्या नावावरून ठेवलेलं. लिलियन यांच्या फुलझाडांना धक्का लागू नये म्हणून डिस्ने यांनी वाफ्यांखालून ९० फुटांचा बोगदा काढला होता. घराच्या आवारातून गाडी नेण्याच्या परवानगीचा एक गमतीशीर करारही त्यांनी पत्नी आणि दोन मुलींबरोबर केला होता.

तीन वर्षं सगळं छान चाललं. १९५३ मध्ये एक पाहुणे इंजिन चालवत होते. वेग वाढला आणि वळणावर इंजिन घसरलं. बाहेर येणारी वाफ बघायला पाच वर्षांची एक मुलगी धावत जवळ गेली आणि तिला भाजलं. त्यानंतर डिस्ने यांनी गाडी उचलून ठेवून दिली.

डिस्ने यांची गाडी माणसं बसतील एवढी मोठी होती. जगभरातले बरेच आजी-आजोबा आज बागेत जी गाडी उभी करतात ती खूप लहान असते. इंजिन वीतभर उंचीचं, डबा हातभर लांबीचा, रुळांमधलं अंतर जेमतेम ४५ मिलिमीटर. त्यात कुणी बसत नाही. पण प्रश्न तोच उरतो: ही गाडी नेमकी कुणाच्या हातात असणार?

बागेतली रेल्वे म्हणजे नेमकं काय?

घरातल्या टेबलावरची मॉडेल रेल्वे आणि बागेतली रेल्वे यांच्यातला मोठा फरक आकाराचा आणि हवामानाचा. टेबलावर साधारणपणे १:८७ या प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान गाड्या धावतात. त्या नाजूक असतात. बागेत ऊन, पाऊस, धूळ आणि खारुताई, सगळ्यांना तोंड द्यायचं असतं. त्यामुळे रूळ जाड लागतात आणि चाकं मोठी.

युरोपातल्या हौशी लोकांच्या बागांत छोट्या गाड्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून धावत होत्या. पण तो बहुतेक वेळा श्रीमंतांचा किंवा स्वतः लेथवर काम करू शकणाऱ्यांचा छंद होता. १९६८ मध्ये जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या खेळणी मेळ्यात लेहमान कंपनीने ‘एलजीबी’ नावाची गाडी आणली. १:२२.५ हे प्रमाण, पितळी रूळ आणि पावसात राहिले तरी चालतील असे प्लॅस्टिकचे स्लीपर. डबा उघडा, रूळ जोडा, गाडी चालवा. ‘जी गेज’ हे नाव इथूनच रूढ झालं. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत आली आणि २००७ मध्ये हा ब्रँड मर्कलिन या जर्मन कंपनीकडे गेला. १९७०-८० च्या दशकातली त्यांची इंजिनं मात्र आजही अनेक बागांत धावताना दिसतात.

४५ मिलिमीटरच कशासाठी? याचं गणित सोपं आहे. मीटरगेज म्हणजे रुळांत १,००० मिलिमीटर अंतर. त्याला २२.५ ने भागलं की उत्तर येतं साधारण ४५. म्हणजे ही मुळात मीटरगेज गाड्यांची नक्कल आहे. पुणे-मिरज मार्ग ब्रॉडगेज होण्याआधी तिथे धावणारी गाडी किंवा मनमाडहून मराठवाड्यात जाणारी निजामाच्या रेल्वेची गाडी आठवत असेल, तर तिचं मॉडेल या रुळांवर अगदी मापात बसतं.

आपली आजची ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरची आहे. नातवाला ‘वंदे भारत’ हवी असेल आणि ती १:२२.५ मध्ये बनवायची असेल, तर रूळ जवळपास ७५ मिलिमीटरचे लागतील. तसे रूळ तयार मिळत नाहीत. ४५ च्याच रुळांवर ती आणायची तर गाडी १:३७ अशी लहान करावी लागते. मुलांना यातला फरक कळत नाही. आजोबांना कळतो आणि रात्री झोप लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरं एक माप ब्रिटनमध्ये लोकप्रिय आहे: ३२ मिलिमीटर रूळ, १:१९ प्रमाण. हे दोन फुटी नॅरोगेजसाठी. आणि दोन फुटी म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव येतं नेरळ-माथेरान. आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली आणि १९०७ मध्ये सुरू झालेली ही लाइन ३२ मिलिमीटर रुळांवर जवळपास तंतोतंत उतरते. बार्शी लाइट किंवा विदर्भातली शकुंतला अडीच फुटी होती. ती याच ३२ मिलिमीटरवर १:२४ प्रमाणात बसते.

बांधायला पाच वर्षं, नातू तोवर नऊ वर्षांचा

या छंदात पैसा अडवतो, जागा अडवते. पण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते उशिराने.

निवृत्तीनंतर वेळ मिळतो. आजोबा कागदावर आराखडा काढतात. दोन स्टेशनं, घाट, पूल, बोगदा, धबधबा. पहिल्या वर्षी भराव होतो, दुसऱ्या वर्षी पुलाचे खांब. हे सगळं ज्याच्यासाठी चाललं आहे तो नातू सुरुवातीला चार वर्षांचा असतो. पहिली गाडी सुटते तेव्हा तो नऊचा झालेला असतो आणि त्याला क्रिकेटच्या सरावाला जायचं असतं. साधारण तीन ते दहा या वयात मुलं गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त रमतात. त्यातली बरीचशी वर्षं सिमेंट वाळण्यात घालवणं परवडणारं नाही. नातवंडं पुण्याऐवजी न्यू जर्सीला असतील आणि वर्षातून तीन आठवडे येत असतील, तर हिशोब आणखी कडक होतो.

म्हणून क्रम उलटा ठेवलेला बरा. आधी गाडी धावू दे, मग रेल्वे बांधू. बारा वळणाचे रूळ जोडले की ६० सेंटिमीटर त्रिज्येचं एक वर्तुळ होतं, व्यास सव्वा मीटरच्या आत. त्यात दोन्ही बाजूंना एकेक मीटर सरळ रूळ घातले की लांबट फेरा तयार. हे अंगणात फरशीवर नुसतं मांडता येतं. गच्चीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा हॉलमध्येसुद्धा. शनिवारी सकाळी मांडलं की दुपारी गाडी सुरू. घाट आणि धबधबा पुढच्या सुट्टीत, आणि ते बांधायला नातू सोबत असला तर उत्तमच. स्वतः खडी पसरलेल्या रुळावर मुलं जास्त वेळ रमतात, आणि त्यावर पायही कमी देतात.

उंची कुणाच्या मापाने ठेवायची?

जमिनीवरचे रूळ दिसायला सुंदर. पण घसरलेला डबा उचलायला साठीतल्या माणसाला दर पाच मिनिटांनी वाकावं लागतं. महिन्याभरात गुडघे निर्णय देतात. अनेक अनुभवी मंडळी म्हणूनच मार्ग उंचावर घेतात. दोन-तीन थर विटांचा कट्टा किंवा काँक्रीट ब्लॉकच्या भिंती बांधून मधे माती भरायची, वर रूळ.

किती उंच? चार वर्षांचं मूल साधारण एक मीटर उंचीचं असतं. मार्ग ४५ ते ६० सेंटिमीटरवर असेल तर मुलाला उभ्याने हात पोचतो, थोडं वाकलं की डब्याच्या खिडकीतून आत बघता येतं आणि आजी शेजारी स्टुलावर आरामात बसू शकते. ९० सेंटिमीटरचा मार्ग मोठ्यांच्या पाठीला छान, पण चार वर्षांच्या मुलाला गाडीची फक्त चाकं दिसतात. हा हट्ट आजोबांनी सोडावा.

हात कुठवर पोचतो हेही बघावं लागतं. कट्टा भिंतीला लागून असेल तर रुंदी ६० सेंटिमीटरच्या आसपासच ठेवावी. त्यापलीकडे गाडी अडकली की कुणीतरी झाडांवर चढतं, आणि ते कोण असणार हे सांगायला नको.

रुळांखाली काय घालायचं?

इंग्रजी पुस्तकांतले सल्ले थंडीत माती गोठते आणि फुगते हे धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे तो त्रास नाही. आपल्याकडे जून आहे. कोकणात किंवा मावळात रुळांखालची माती एका पावसात वाहून जाते. देशावर काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या मातीवर टाकलेले रूळ वर्षभरात सापासारखे वाकडे होतात.

इथे गल्लीतल्या फरशीवाल्याकडे उत्तर आहे. कडाप्पा किंवा शहाबादी फरशीच्या १५ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापून घ्यायच्या. खाली आठ-दहा सेंटिमीटर मुरूम चोपून बसवायचा, त्यावर पट्ट्या लेव्हलमध्ये बसवायच्या, वर रूळ. लाकडी पाट्या टाळलेल्या बऱ्या. वाळवीला त्या फार आवडतात. पट्ट्यांमध्ये बोटभर फट सोडली की पाणी खाली उतरतं.

स्लीपरांमध्ये भरायला खडी हवी ती कोनदार. क्रशरवरची कच चाळून तीन ते सहा मिलिमीटरची खडी वेगळी काढली की काम होतं. नदीतले गोल खडे दिसायला गोंडस, पण ते एकमेकांत अडकत नाहीत आणि घरंगळतात. खऱ्या रेल्वेत फोडलेलाच दगड का वापरतात, याचंही कारण हेच.

रूळ फरशीला स्क्रूने घट्ट आवळायचे नाहीत. पितळ उन्हाने वाढतं. दहा मीटर लांबीचा पितळी रूळ पहाटेच्या १५ अंशांवरून दुपारी उन्हात तापून ६० अंशांवर गेला, तर तो साधारण साडेआठ मिलिमीटरने लांबतो. जागा नसेल तर मधेच कमान काढून उभा राहतो. म्हणून थंड वेळी जोडताना सांध्यांत बारीक फट ठेवायची आणि रुळाला खडीत थोडं सरकू द्यायचं.

आता वळणं. ६० सेंटिमीटरची त्रिज्या खेळण्यातल्या छोट्या इंजिनांना चालते. लांब डबे त्यावर चमत्कारिक दिसतात आणि घसरतातही. जागा असेल तर त्रिज्या १.२ मीटर ठेवावी. माथेरानच्या मार्गावर सगळ्यात तीव्र वळण ६० फूट त्रिज्येचं आहे. १:१९ मध्ये ते येतं ९६ सेंटिमीटर. म्हणजे खऱ्या घाटाची नक्कलही बागेत मावते. चढाचं मात्र अनुकरण करू नये. माथेरानचा चढ काही ठिकाणी २० ला एक आहे, म्हणजे मीटरमागे पाच सेंटिमीटर. बागेत दोन-तीन सेंटिमीटरच्या वर गेलं की इंजिनाची चाकं जागीच फिरू लागतात, आणि मूल मागून ढकलतं. ढकलल्याने दातेरी चक्रं तुटतात.

बोगदा हवाच, त्याशिवाय मुलं ऐकणार नाहीत. तो एक मीटरपेक्षा लांब नको, म्हणजे अडकलेली गाडी दोन्ही तोंडांतून हाताने काढता येते. पण हात घालण्याआधी टॉर्च मारून बघायचं. विंचू, सापाचं पिल्लू, बेडूक, यांनाही अंधारी थंड जागा आवडते. हा नियम नातवंडांना पहिल्याच दिवशी शिकवावा: बोगद्यात हात फक्त मोठ्यांनी घालायचा.

वीज, बॅटरी की वाफ?

पारंपरिक पद्धतीत रुळांतून वीज जाते. ट्रान्सफॉर्मरमधून जास्तीत जास्त २४ व्होल्टच्या आसपासचा डीसी पुरवठा रुळांना मिळतो. झटक्याचा धोका नगण्य, पण ट्रान्सफॉर्मर घरात कोरड्या जागी आणि त्या सर्किटला आरसीसीबी हवाच. खरी डोकेदुखी वेगळी आहे. पितळावर काळपट थर चढतो, धूळ बसते, चिकूच्या झाडाखाली असेल तर विचारूच नका. मग दर वेळी गाडी सुरू करण्याआधी रूळ घासायचे. नातवंडं दोन तासांसाठी आली आणि पहिला पाऊण तास आजोबा फडकं मारत बसले, असं दृश्य अनेक घरांत दिसतं.

लहान मुलांसाठी म्हणून बॅटरी सरस. इंजिनात किंवा मागच्या डब्यात रिचार्जेबल बॅटरी, हातात रिमोट. रूळ मळलेले असले तरी गाडी धावते. उलटं वर्तुळ, तिकाटणं, कसलीही आखणी करा, शॉर्टसर्किटची भीती नाही. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं, आणि रिमोटमध्ये बटण सेल असेल तर दुप्पट काळजी. असा सेल मुलाने गिळला तर तो अन्ननलिका जाळू शकतो; अशा वेळी घरगुती उपाय न करता थेट हॉस्पिटल गाठायचं.

रिमोटवर कमाल वेगाची मर्यादा घालता येते. ती घाला. माथेरानची गाडी ताशी १५ किलोमीटरने जाते असं धरलं तर १:२२.५ प्रमाणात तिचा वेग सेकंदाला १८ सेंटिमीटर होतो. बारा मीटरचा फेरा एका मिनिटाहून थोडा जास्त वेळात. मुलांना हे सुरुवातीला रटाळ वाटतं. गाडीत सामान भरलं की वाटेनासं होतं.

वाफेची छोटी इंजिनंही मिळतात: ब्युटेन गॅसचा बर्नर, बॉयलरमध्ये शुद्ध पाणी, सिलिंडरला खास तेल. त्यांचा वास आणि आवाज दुसऱ्या कशाला येत नाही. पण बाहेरचं धातूचं अंग भाजेल इतकं तापतं. लहानांनी हातभर लांबून बघायचं. ‘लिली बेल’चा किस्सा इथेही लागू आहे.

दोन नातवंडं, एक रिमोट

गाडी गोल फिरते हे बघण्यात मुलं किती वेळ घालवतात? दहा मिनिटं, फार तर पंधरा. त्यानंतर भांडण. “माझा नंबर!” यावर खऱ्या रेल्वेकडे शंभर वर्षांहून जुना उपाय आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून ड्रायव्हरला टोकन दिलं जायचं. हातात टोकन नाही तर गाडी हलवायची नाही. बांगडीएवढी तारेची रिंग करून तिला चामड्याचा तुकडा बांधला की टोकन तयार. ज्याच्या गळ्यात रिंग, त्याच्या हातात रिमोट. पुढच्या स्टेशनला रिंग स्टेशनमास्तरला द्यायची. आजीला स्टेशनमास्तर केलं की अपील बंद.

बाकीच्यांना कामं हवीत. मालगाडीच्या वाघिणीत शेंगा भरून बागेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या काकापर्यंत पोचवणं हे पाच वर्षांच्या मुलाला पुरेसं गंभीर काम आहे. गार्डला हिरवा-लाल झेंडा आणि शिट्टी. सांधेवाल्याकडे सांधा बदलायचा दांडा. छोट्या मुलांसाठी तो हाताने ढकलायचाच ठेवावा, विजेची मोटर नको. एक जण जाड पुठ्ठ्याची तिकिटं कापतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शंटिंगचं कोडं देता येतं. अ‍ॅलन राइट या ब्रिटिश हौशी माणसाने केलेली ‘इंगलनूक’ मांडणी त्यासाठी प्रसिद्ध आहे. तीन साइडिंग, आठ वाघिणी. चिठ्ठ्या काढून ठरलेल्या पाच वाघिणी ठरलेल्या क्रमाने जोडायच्या. ऐकायला सोपं, करायला बसलं की संध्याकाळ जाते.

इंजिन हाताळू द्यावं का, यावर मोठ्यांमध्ये मतभेद असतात. महागडं मॉडेल काचेच्या कपाटात असेल तर ते मुलांचं नाहीच. मुलांसाठी वेगळं, जाड बांध्याचं, पडलं तरी चालेल असं एक इंजिन घ्यावं आणि ते पडणार हे गृहीत धरावं.

झाडंही मापात हवीत. बारीक पानांचा जेड कात्रीने छाटला की वडाच्या झाडासारखा दिसतो. ऑफिस टाइमची फुलं कडेला. निवडुंग आणि बोगनवेल मात्र मुलांच्या हाताच्या पल्ल्यात नकोत. शोभेचं तळं तर मुलं अगदी लहान असतील तोवर नकोच. वीतभर पाणीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं. निळ्या रंगाची फरशी घातली तरी पुलाखाली नदी दिसते.

हे सगळं मिळतं कुठे?

४५ मिलिमीटरचे रूळ आणि इंजिनं भारतात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. बहुतेक जण बाहेरून मागवतात, त्यावर सीमाशुल्क पडतं. परदेशी राहणारे मुलगा-मुलगी येताना एकेक डबा आणतात, हा सगळ्यात प्रचलित मार्ग. इंजिन आणि रूळ विकत घेऊन बाकीचं घरी करता येतं. मरीन प्लाय किंवा पीव्हीसी शीटचे डबे, थ्रीडी प्रिंट केलेल्या खिडक्या, सुताराकडून स्टेशन. ओळखीतल्या कुणाकडे आधी चालवून बघावं, मग खर्चात पडावं. मॉडेल रेल्वे म्हणजे काय याचा अंदाज घ्यायला पुण्यात कर्वे रोडजवळचं जोशी यांचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे. ते १९९८ पासून सुरू आहे. तिथली मांडणी बागेतली नाही, खोलीतली आहे आणि गाड्या बऱ्याच लहान आहेत. पण सिग्नल, सांधे आणि वेळापत्रक एकत्र कसं चालतं ते तिथे अर्ध्या-पाऊण तासात कळतं.

पावसाळ्यात आपल्याकडे बागेतली रेल्वे बंद ठेवलेलीच बरी. जूनच्या पहिल्या आठवड्यात इंजिन आणि डबे पुसून, बॅटरी काढून, खोक्यात. रूळ बाहेरच राहतात. ऑक्टोबरमध्ये उघडीप झाली की आधी मार्गाची पाहणी करायची. कुठे फरशी खचली, कुठे खडी वाहून गेली, बोगद्यात कोण राहायला आलं. मुलांना ट्रॅकमनच्या नारिंगी जॅकेटसारखे टी-शर्ट घालून ब्रश आणि बादली दिली की हे काम तासाभरात उरकतं. खंडेनवमीला घरातली हत्यारं आणि गाड्या पुजल्या जातात. त्या पाटावर स्कूटरच्या किल्लीशेजारी वीतभर इंजिन ठेवायला जागा असते. झेंडूचं एकच फूल त्याच्या धुराड्यावर नीट बसतं.